निळ्या कोटाचं माप

"एक ध्यानात ठेव, धाकटे," निघायच्या दिवशी मोठ्या जाऊबाईंनी तिला दारामागे ओढून सांगितलं होतं, "पोरीचं माप कळवशील ते जसं असेल तसंच कळव. मास्तरांना खोटं माप ओळखू येत नाही. ते मापावर शंका घेत नाहीत, स्वतःच्या हातावर घेतात."

तेव्हा बाहेर गाडी उभी होती. कडेवरचं सहा महिन्यांचं बाळ तिच्या कानातल्याशी झोंबत होतं, आणि पासपोर्ट नवऱ्याच्या खिशात आहेत की आपल्या पर्समध्ये, या एकाच विचाराने तिचं डोकं व्यापलं होतं. "हो हो, ताई," ती म्हणाली, आणि ते वाक्य या कानाने ऐकून त्या कानाने सोडून दिलं. माप खोटं कोण कशाला कळवेल? ती तर शिकलेली, पिण्याच्या पाण्याची तपासणी करणारी. दशांशाच्या पुढचा तिसरा आकडा चुकला तर तिला जेवण जात नसे.

त्याला आता चार वर्षं झाली होती. तीन आठवड्यांच्या रजेतले सहा दिवस संपले होते, आणि सातव्या दिवशी दुपारी सगळं घर दुकानात जमलं होतं.

दुकानाला सुट्टी होती. शटर गुडघ्याएवढंच वर घेतलं होतं, उजेड यावा पण गिऱ्हाईक येऊ नये इतकंच. त्या फटीतून येणारं ऊन जमिनीवरून सरपटत यायचं, कापड बेतायच्या लांब टेबलाच्या पायांना वळसा घालायचं आणि पलीकडच्या भिंतीवर पाण्यासारखं हलत राहायचं. हवेत खडूची पूड तरंगत होती. डोकं नसलेले तीन पुतळे कोपऱ्यात अर्धवट शिवलेले कोट घालून उभे होते, घरच्या बोलण्यात आपल्याला कधी विचारतील याची वाट बघत असल्यासारखे. धाकटीला या खोलीत आलं की नेहमी वाटायचं, आपण जागे नाही. कुणाच्या तरी दुपारच्या झोपेत बसलो आहोत आणि मोठ्याने बोललं तर तो माणूस कूस बदलेल.

टेबलाखाली तिची लेक कापडाची कात्रणं गोळा करत होती. नाव काहीही असो, या घरात तिला सगळे बटण म्हणत. साडेचार वर्षांची. अंगात निळा कोट. तो काढायला ती तयारच नव्हती, कारण तो मास्तरआजोबांनी पाठवलेला होता आणि त्याला आतून एक चोरखिसा होता.

मास्तर म्हणजे धाकटीचे सासरे. सगळी गल्ली त्यांना मास्तर म्हणायची म्हणून मुलंही म्हणायची. कुणी चुकून 'बाबा' अशी हाक मारली तर ते मागे वळून बघत, कुणाला बोलावलं म्हणून. गळ्यात पिवळी टेप, बोटात सुई टोचू नये म्हणून अंगुस्तान, आणि गेल्या वर्षापासून चष्म्यावर आणखी एक चष्मा.

"ही मुलगी आहे की टाचणी?" आत्या म्हणाल्या. मास्तरांची ही धाकटी बहीण, जन्मभर इस्पितळात नर्स होती. एका कानाने कमी ऐकू यायचं, त्याची भरपाई त्या तोंडाने करत.

"तिकडची मुलं अशीच असतात, आत्या," धाकटी पटकन म्हणाली.

"तिकडची असतील. ही आपली आहे."

"कोट बघ की तिच्या अंगावरचा," मास्तर मान वर न करता म्हणाले. "तेवीस इंच छातीवर बेतलाय. कसा बसलाय! फोनवरच्या मापाने, सहा हजार कोस लांबून. सूनबाईंचं माप म्हणजे दगडावरची रेघ."

धाकटीने खाली बघितलं. शिलाई मशीनपाशी बसून मोठी जाऊ काज करत होती. तिची सुई क्षणभर थांबली आणि पुन्हा चालू लागली.

बोलणं ज्याच्यासाठी जमलं होतं ते पत्र टेबलावर इस्त्रीखाली दाबून ठेवलेलं होतं. धाकट्याच्या, म्हणजे तिच्या नवऱ्याच्या, कंपनीचं. तो तिकडे लिफ्ट दुरुस्त करायचा. आताच्या कराराचे आठ महिने उरले होते, आणि पुढच्या पाच वर्षांसाठी सही करणार की नाही हे सोमवारपर्यंत कळवायचं होतं. पाच वर्षं म्हणजे बटणची सगळी प्राथमिक शाळा. म्हणजे ती कुठल्या भाषेत पाढे म्हणणार, कुणाच्या अंगणात गुडघे फोडून घेणार आणि कुणाला आपलं माणूस म्हणणार, हे सगळं एका सहीत आलं.

"मी काय म्हणतो," थोरला, मोठीचा नवरा, म्हणाला. तो टपाल कचेरीत पत्रं वेगळी करायचा आणि कुठलाही विषय तिथूनच सुरू करायचा. "दिवसभर मी तिकडची पत्रं इकडे टाकतो. सांगतो तुला, पहिल्या वर्षी जाडजूड येतात. मग पातळ होतात. मग नुसती कार्डं. मग तेही नाही."

"दादा, आता पत्रं कोण लिहितं?"

"तेच म्हणतोय मी!"

"माझे दोघे मुलगे तिकडेच आहेत," आत्या म्हणाल्या. "माझ्या धाकट्याच्या मुलाने मला विचारलं, आजी, तू फोनमध्ये राहतेस का? मी म्हटलं, हो रे राजा, जागा लहान आहे पण उजेड भरपूर."

सगळे हसले. आत्याही हसल्या, पण इतरांपेक्षा जरा आधी थांबल्या.

"चेष्टा सोड," थोरला म्हणाला. "समोरच्या शाळेत जागा आहे. बाई म्हणाल्या, आणा मुलीला. मास्तरांनी गणवेशाचं कापडसुद्धा बेतून ठेवलंय."

"बेतूनसुद्धा ठेवलंय?" धाकट्याने विचारलं.

टेबलाच्या टोकाला करड्या कापडाचे तुकडे एकावर एक रचून ठेवले होते, खडूच्या रेघांसकट. त्या शाळेचे गणवेश तीस वर्षं याच टेबलावर बेतले जात होते. मास्तर जरा ओशाळले. "कापड शिल्लक होतं," ते म्हणाले.

धाकटा उठला आणि शटरच्या फटीपाशी जाऊन उभा राहिला. "मला तिथे आवडतं," तो म्हणाला. घरात हे वाक्य कुणी अजून उच्चारलं नव्हतं. "लिफ्टची खोली छपरावर असते. सकाळी वर गेलं की सगळं शहर पायाखाली, आणि वारा. कुणी विचारत नाही मी कुणाचा कोण. इथे मी पन्नास वर्षांचा झालो तरी मास्तरांचा धाकटाच राहीन."

"त्यात काय वाईट आहे?" थोरल्याने विचारलं.

"वाईट नाहीये. मी फक्त सांगतोय."

"आणि तुला गं?" आत्यांनी धाकटीकडे तोंड वळवलं. "तुझं काय म्हणणं?"

"हा म्हणेल ते," धाकटी म्हणाली.

हे तिचं म्हणणं नव्हतं. तिला यायचं होतं. किती यायचं होतं हे तिने स्वतःलाही धड सांगितलं नव्हतं. तिकडे सकाळी जाग आली की पहिला एक क्षण तिला वाटे, खिडकी डाव्या हाताला आहे, बाहेर मशीनचा आवाज आहे, आता मोठी हाक मारेल. मग खिडकी उजवीकडे सरकायची आणि आवाज थांबायचा. पण यायचंय म्हटलं की कुणीतरी विचारणार, का? आणि त्या 'का'च्या मागे तो पहिला हिवाळा होता.

त्या हिवाळ्यात बटण तीन महिने आजारी होती. जे खाईल ते ओकायची. नवरा पहाटे जायचा, थकून यायचा, आणि झोपलेल्या मुलीचा पापा घेऊन म्हणायचा, बरी दिसते की आज. धाकटी प्रयोगशाळेतून धावत पाळणाघरात, पाळणाघरातून दवाखान्यात. आणि तशातच एका दुपारी मास्तरांचा फोन आला, आनंदाने ओथंबलेला: "सूनबाई, माप सांगा. लोकरीचं कापड आलंय झकास!" तिने टेप लावली. छाती सतरा. मागच्या वेळेपेक्षा अर्ध्या इंचाने कमी. फोनमध्ये मास्तर खडू घेऊन थांबले होते. "अठरा," ती म्हणाली.

एका इंचाने कुणाचं काय बिघडतं?

पण कागदावरची मुलगी एकदा पुढे गेली की मागे येत नाही. तिच्या मापाची कागदी पट्टी या दुकानात खिळ्याला टांगली जाते, तारखेसकट. पुढच्या वेळी तिला साडेअठरा व्हावंच लागतं, मग एकोणीस, वीस. खरी बटण बरी झाली, खाऊ लागली, पण चणीने बारीकच राहिली. कागदावरची मात्र जोमाने वाढली. कधीकधी धाकटीला ती दिसायचीसुद्धा: खिडकीत बसलेली, गुबगुबीत, पाय हलवत, ताटातलं सगळं संपवलेली, आजोबांच्या मनासारखी. धाकटीला तिची जरा भीती वाटू लागली होती.

आणि एक नवल होतं. मास्तरांच्या पार्सलातले कपडे खऱ्या बटणला नीट बसायचे. ढगळ होतील म्हणून ती दर वेळी श्वास रोखून घडी उलगडायची आणि दर वेळी खांद्याला खांदा लागायचा. धुताना आटलं असेल, असं ती न धुतलेल्या कपड्याबद्दल स्वतःला सांगायची. पदरात पडलेल्या चमत्काराला तिने कधी प्रश्न विचारला नाही.

"बटण," मास्तरांनी हाक मारली, "वर या बाईसाहेब. गणवेशाच्या आधी एकदा हाताने मोजू. कोट काढ. मी देतो परत, देवाशप्पथ. झाडासारखी उभी राहा."

"कुठलं झाड?"

"शिंप्याचं. ज्याला नुसती बटणं लागतात."

बटण खिदळली. मोजायची काय गरज, असं म्हणायला धाकटीने तोंड उघडलं, पण मास्तरांनी टेप केव्हाच पोरीभोवती फिरवली होती. मापावर नख धरलं, उजेडाकडे नेलं, चष्म्यावरचा चष्मा सारखा केला.

त्यांनी टेप सोडली, पुन्हा लावली. पुन्हा नख, पुन्हा उजेड. तिसऱ्या वेळी त्यांनी टेप फिरवण्याआधी हात शर्टाला पुसले, परीक्षेला बसलेला मुलगा पुसतो तसे.

चाळीस वर्षं त्या टेपेने त्यांना सांगितलं ते त्यांनी ऐकलं होतं. आता ती सांगत होती एकवीस. कागद म्हणत होता तेवीस, आणि त्याच तेविसावर बेतलेला कोट शेजारच्या खुर्चीवर पडला होता, जो या पोरीच्या अंगावर पाण्यासारखा बसला होता. म्हणजे कागद खरा, कोट खरा. मग खोटं कोण? मास्तरांनी आपल्या नखाकडे पाहिलं. त्यांनी टेप गळ्यातून काढली, गुंडाळली, आणि टेबलावर ठेवली.

"काय झालं?" थोरल्याने विचारलं.

"हात गेला," मास्तर म्हणाले. इतक्या साध्या आवाजात, जणू दूध नासलं. "तीन वेळा मोजलं. तीन वेळा दोन इंच चुकलं."

"अरे, मग दुसरं कुणीतरी मोजा की!" आत्या म्हणाल्या.

"काय मोजायचं? कोट बघितलास ना अंगावर?" त्यांनी चष्म्यावरचा चष्मा काढून खिशात घातला. "डोळे गेले तरी हाताला कळतं म्हणायचो मी. आता हातालाही कळेना. ते करडं कापड उचला. आणि गिऱ्हाइकांना सांगा, नवीन काम घेत नाही म्हणावं. लोकांच्या लग्नाचे कोट असतात. कुणाचं हसं नको."

बटण दोन्ही हात वर करून झाडासारखी उभीच होती. कुणी तिला हात खाली घे म्हटलं नाही.

मग बोलणं सुरू झालं, पण हलक्या आवाजात, आजाऱ्याच्या खोलीत बोलतात तसं. थोरला धाकट्याला म्हणाला, "बघितलंस? आता आणखी काय सांगायचं तुला?" आत्या म्हणाल्या, "माझ्या वॉर्डात असे कितीक बघितले मी. हातातलं काम सुटलं की माणूस सुटतो." आणि धाकटा, जो आत्ताच छपरावरच्या वाऱ्याबद्दल बोलत होता, तो वडिलांच्या खांद्याकडे पाहत राहिला. पाठीमागून ते खांदे कोपऱ्यातल्या पुतळ्यांसारखेच दिसत होते.

"मी येतो," तो म्हणाला. "सही नाही करत. येतो आम्ही, मास्तर. झालं?"

झालं. इतकं सोपं होतं ते. धाकटीला वाटलं, खोली जरा वर उचलली गेली आणि अलगद खाली ठेवली गेली. खिडकी डाव्या हाताला आली. मशीनचा आवाज आला. तिला काही मागावं लागलं नव्हतं, काही सांगावं लागलं नव्हतं. नुसतं गप्प बसायचं होतं, आणखी चार-दोन मिनिटं. मग चहा झाला असता, मग दिवे लागले असते, आणि त्या हिवाळ्याबद्दल कुणाला कधीच काही कळलं नसतं.

मास्तर टेबलावरचा खडू गोळा करत होते. तुकडा तुकडा उचलून डबीत ठेवत होते. एक तुकडा टेबलाच्या कडेला होता, तो त्यांना दिसला नाही असं नाही. त्यांनी हात पुढे केला आणि मधेच थांबवला, तो खरंच तिथे आहे की आपल्याला नुसतं तसं वाटतंय, या शंकेने.

तो थांबलेला हात धाकटीने पाहिला.

"एकवीसच आहे," ती म्हणाली.

कुणी ऐकलं नाही. ती उभी राहिली. "मास्तर, एकवीसच आहे. तुमचा हात बरोबर आहे. तेवीस मी कळवलं होतं. खोटं कळवलं होतं."

शटरबाहेरून एक सायकल गेली. तिची सावली भिंतभर फिरून निघून गेली.

"म्हणजे?" थोरला म्हणाला.

"पहिल्यापासून. ती आजारी होती त्या हिवाळ्यापासून. वाढत नव्हती. मी वाढवत गेले."

"आजारी?" धाकटा म्हणाला. "ती तर तेव्हा... दोन दिवस ताप होता ना?"

"तीन महिने."

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं होतं. तू बूट काढत होतास. म्हणालास, बरी दिसते की. मलाही तेच ऐकायचं होतं रे. म्हणून पुन्हा नाही सांगितलं."

मास्तर मात्र यातलं काही ऐकत नव्हते. ते टेबलाची कडा धरून तिच्याकडे वाकले होते. "एकवीस?" त्यांनी विचारलं. "नक्की? पुन्हा सांग."

"एकवीस, मास्तर."

"बाही?"

"साडेअकरा. मी साडेबारा कळवली होती."

"साडेअकरा," मास्तर म्हणाले. "साडेअकराच वाटली मला बघताना!" आणि ते हसले. ओल्या डोळ्यांनी, खडूने पांढरी झालेली बोटं स्वतःच्याच तोंडासमोर धरून हसले. सुनेने आपल्याला तीन वर्षं फसवलं, हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. ते आलं ते हसू ओसरल्यावर, हळूहळू, आणि त्याच्या मागोमाग आणखी एक गोष्ट आली. त्यांनी खुर्चीवरचा निळा कोट उचलला.

"मग हा कसा बसला?"

मशीनपाशी सुई पुन्हा थांबली.

मास्तरांनी कोट उलटा केला. डोळ्यांना न विचारता अंगठा काखेखालच्या शिवणीवरून फिरवला, खाली, पुन्हा वर. शिंपी शिवणीच्या आत थोडं जास्तीचं कापड सोडतात, त्याला माया म्हणतात. मास्तर अर्धा इंच माया सोडत. इथे अंगठ्याला चांगली इंचभर लागली, दोन्ही बाजूंना.

"मोठे," ते म्हणाले.

"हो," मोठी म्हणाली.

"हे तू आत घेतलंस?"

"घेतलं. हेही आणि आधीचेही सगळे."

"माझं बेतलेलं?"

"पोर पडद्यावर दिसते ना आम्हाला. हाताचं मनगट बघितलं की कळतं. तेविसाच्या मुलीचं मनगट असं असतं का?" ती उठली, ओढणीवरचे दोरे झटकले. तिच्या आवाजात धार होती, पण ती कुणावर धरावी हे तिला ठरवता येत नव्हतं. तीन वर्षं ती हे पोटात ठेवून होती. धाकटीचं खोटं तिने पहिल्याच पार्सलाला ओळखलं होतं. आणि ते उघडं करायचं म्हणजे परक्या मुलखात एकट्या पडलेल्या बाईला फोनवर सगळ्यांसमोर उभं करायचं. त्यापेक्षा टीप घालणं सोपं होतं. "तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही तिला विचारलं असतं. तिने रडत सांगितलं असतं. मग इथे बसून आपण काय करणार होतो, मास्तर? काळजी? ती तर करतच होतो."

"तीन वर्षं माझ्या मागे माझं कापड—"

"मास्तर, ताईंना बोलू नका," धाकटी मधे पडली. "चूक माझी आहे."

"तू गप्प बस. तुझी चूक आहेच," मोठी म्हणाली. "दारामागे घेऊन सांगितलं होतं तुला!" आणि मग अगदी वेगळ्या सुरात, "जेवायची का ती तेव्हा काही?"

"नुसतं पाणी. साखर घातलेलं."

"आणि तू?"

मोठीने दोन पावलं टाकून धाकटीचं डोकं आपल्या खांद्यावर दाबून धरलं, जरा दांडगाईनेच, रडणाऱ्या मुलाला गप्प करतात तसं. या दोघी जावांमध्ये गेल्या सहा दिवसांत बाथरूमच्या बादलीवरून, पोरीच्या हट्टांवरून आणि कोण जास्त थकलेली यावरून तीन वेळा खटके उडाले होते. आता थोरला एकीकडून दुसरीकडे बघत राहिला. घरातल्या बाजू कुठून कुठे गेल्या, हे त्याला कळेना.

"आई, हात दुखले," बटण म्हणाली.

ती अजून झाडच होती. आत्यांनी तिला खाली बसवलं आणि सवयीने नाडी बघितली. "चांगली ठणठणीत आहे," त्या म्हणाल्या. "काही मुलं बारीकच असतात. माझा हा भाऊ असाच होता, बांबूसारखा. आमची आई त्याच्या खिशात दगड घालायची, वाऱ्याने उडेल म्हणून."

"कधी घालायची?" मास्तर म्हणाले.

"तुला माहीत नसणार. तू उडत होतास."

मास्तरांनी कोट सुलटा केला, पुन्हा उलटा केला, उजेडाकडे धरला. रागावायचं आहे हे त्यांना आठवत होतं. पण अंगठा शिवणीवरून सरकायला तयार नव्हता. "टीप सरळ आहे," ते शेवटी म्हणाले. "काखेत वळवलीस कशी? सुरकुती नाही कुठे."

"दोन वेळा उसवून घातली."

"हं." कोट त्यांनी बटणला दिला. मग टेबलावरची टेप उचलली, पण गळ्यात घातली नाही. धाकटीच्या हातात दिली. "मोज. आणि मोठ्याने वाच. मोठी लिहील."

धाकटी गुडघ्यांवर बसली. छाती एकवीस. खांदा नऊ. बाही साडेअकरा. ती एकेक आकडा वाचत गेली, आणि प्रत्येक आकड्याबरोबर खिडकीतली ती गुबगुबीत मुलगी थोडी विरळ होत गेली. मास्तर डोळे मिटून ऐकत होते. मोठीने खिळ्यावरची पट्टी काढली आणि नवीन लिहिली, आजच्या तारखेची.

राहता राहिला धाकटा. तो पत्र उचलून शटरच्या फटीतल्या उजेडात उभा होता, वाचत नव्हता. धाकटी त्याच्यापाशी गेली.

"तू मघाशी म्हणालास ते मोडलं तरी चालेल," ती म्हणाली. "ते मास्तरांच्या हातासाठी म्हणाला होतास. हात बरोबर आहे."

"तुला काय हवंय? आता 'हा म्हणेल ते' म्हणू नकोस."

"मला यायचंय." तिने ते म्हटलं, आणि खोलीत काहीही पडलं नाही, कुणी कूस बदलली नाही. "मास्तरांसाठी नाही. शाळेसाठीही नाही. तिथे ती आजारी पडली की मी कुणाला हाक मारू, हे मला कळत नाही. मी भित्री आहे. मला अशा घरात मूल वाढवायचंय, जिथे माझं खोटं कुणीतरी पकडेल."

तो फटीतल्या उन्हाकडे बघत राहिला. तिला ठाऊक होतं तो काय बघतोय: सकाळ, छप्पर, वारा, पायाखालचं शहर, आणि कुणाचाच कोणी नसण्याची ती हलकी, निळी मोकळीक. ते मागणं किती मोठं आहे हे तिला कळत होतं. तरी तिने मागे घेतलं नाही.

"आठ महिने पुरे करावे लागतील," तो म्हणाला. "मधे सोडता येणार नाही. तुम्ही दोघी राहा इथेच. शाळा सुरू होऊ दे. मी एकटा जातो. पुढच्या उन्हाळ्यात येतो."

"रागावून म्हणतोयस?"

"नाही." मग पत्राकडे बघत, "थोडा. उतरेल." त्याने पत्राची घडी केली, उलगडली, पुन्हा केली. "तीन महिने म्हणालीस?"

"हो."

"मी बूट काढत होतो," तो म्हणाला.

दोन आठवड्यांनी तो गेला. एकटाच. निघताना त्याने सगळ्यांना सांगितलं, काळजी करू नका. आणि सगळ्यांनी सांगितलं, नाही करत. बटण करड्या गणवेशात शाळेत जाऊ लागली. मोठी मुलांचे कपडे आता स्वतः बेतते, मास्तर बाजूला बसून चुका काढतात, आणि चूक सापडली नाही की चहा थंड आहे म्हणतात. इकडचं सगळं ठीक आहे. इकडे माणसाला माणूस आहे.

धाकटीला काळजी आहे ती तिकडची. फोनवर तो बोलतो, हसतो, लेकीला छपरावरून दिसणारे ढग दाखवतो. पण त्याच्या मागची भिंत हल्ली रोज तीच असते, आणि टेबलावर दुसरा पेला कधी दिसत नाही. हातात मावेल एवढ्या त्या पडद्यातून आणखी काय ओळखायचं?

म्हणून, वाचणाऱ्या माणसा, तिचं तुझ्यापाशी एक मागणं आहे. तू कुठे राहतोस हे तिला ठाऊक नाही, पण जगात इमारती सारख्याच असतात. तुझ्याकडची लिफ्ट कधी दोन मजल्यांच्या मधे अडकली, आणि हत्यारांची पेटी घेऊन एक उंच, जरा वाकून चालणारा माणूस आला, कमी बोलणारा, काम झाल्यावर जिना चढून थोडा वेळ छपरावर जाऊन उभा राहणारा, तर त्याच्या मागोमाग वर जा. घाई नाही म्हणावं. जेवलास का, विचार. तो हो म्हणेल. तरी थोडा वेळ तिथेच थांब, आणि दुसऱ्यांदा विचार.